व्हॉल्व्ह मिटवणारी तार

नागोठण्याहून रोह्याकडे वळलं की भिसे खिंडीचा चढ लागतो. जोरात चढणाऱ्या पेट्रोल गाडीचं इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये सहा हजार आरपीएमला पोचलेलं असतं. चालकाचा हात चौथा शोधतो आणि घाईत दुसरा लागतो. क्लच सुटतो आणि काटा आठ हजारांच्या पुढे उडी मारतो. रेव्ह लिमिटर इथे काही कामाचा नाही. तो इंधन तोडतो, पण या क्षणी इंजिनाला इंधन फिरवत नसतं, चाकं फिरवत असतात. असा प्रसंग सेकंद-दीड सेकंदाचा. गाडी पुढे रोह्यापर्यंत नीट जाते. महिनाभराने ती वरच्या आरपीएमला मिसिंग करू लागते, तेव्हा मालक प्लग बदलतो, कॉइल बदलतो, रिमॅप करणाऱ्याला शिव्या देतो.

दोष बहुतेक वेळा टॅपेट कव्हरखाली सापडतो.

व्हॉल्व्ह उघडायचं काम कॅम करतो. त्याचा उंचवटा जबरदस्तीने दाबतो, व्हॉल्व्हला उघडावंच लागतं. मिटवायला मात्र जबरदस्ती करणारं कोणी नाही. साध्या इंजिनात तिथे एकटी स्प्रिंग असते. सहा हजार आरपीएमला ती सेकंदाला पन्नास वेळा दबते आणि सुटते. रोजच्या वापरातल्या गाडीने सरासरी २,००० आरपीएम आणि ताशी ४० किलोमीटर धरून लाख किलोमीटर कापले, तर एकेका स्प्रिंगच्या वाट्याला पंधरा कोटी दाब येतात. कंपनीची स्प्रिंग हे सगळं बिनबोभाट सोसते, म्हणून कोणाला तिचं नावही आठवत नाही.

हिशेब बिघडतो तो मॉडिफिकेशनने. व्हॉल्व्ह परत खेचायला लागणारं बळ आरपीएमच्या वर्गाने वाढतं. सहा हजारांची मर्यादा साडेसात हजार केली, म्हणजे वेग पाव पट वाढवला, की हे बळ ५६ टक्क्यांनी वाढतं. जुन्या स्प्रिंगला ते पेलत नाही आणि व्हॉल्व्ह कॅमचा पाठलाग सोडून हवेत तरंगतो. मग तो सीटवर टेकत नाही, आपटतो. शिवाय प्रत्येक स्प्रिंगची स्वतःची एक कंपनसंख्या असते. कॅमचे ठोके तिच्याशी जुळले की वेटोळी आपापसात लाटेसारखी हलतात आणि तारेवरचा ताण कागदावरच्या आकड्याच्या कितीतरी पुढे जातो.

टर्बो गाड्यांचं दुखणं वेगळं. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयसारखी गाडी रिमॅप करताना आरपीएम फारसे वाढवत नाहीत, बूस्ट वाढवतात. पण तो बूस्ट बंद इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरही दाबतो. व्हॉल्व्हचं डोकं ३० मिलिमीटर व्यासाचं धरलं, तर एक बार जादा दाब म्हणजे सुमारे सात किलोचा भार, तोही व्हॉल्व्ह उघडण्याच्या दिशेने. स्प्रिंगच्या सीटवरच्या दाबातून तेवढा वजा झाला. लॅपटॉपवर आलेख बघणाऱ्याला हे दिसत नाही.

डिझेलवाल्यांनी फार घाबरू नये. त्यांचं इंजिन पाच हजारांच्या आसपास थकतं, तिथे स्प्रिंगआधी क्लच आणि टर्बो बोलू लागतात.

स्प्रिंग मोडते तरी कशी? वेटोळ्याच्या आतल्या बाजूला पीळ सर्वांत जास्त असतो. तिथे पृष्ठभागावर एखादा ओरखडा, गंजाचा टिपका किंवा पोलादात अडकलेला ऑक्साइडचा कण असला, की त्याच्यापासून चीर सुरू होते आणि तारेला तिरकी, जवळपास ४५ अंशांत कापत जाते. म्हणूनच ही तार वेगळ्या जातीची असते. वडखळजवळच्या डोलवीच्या कारखान्यातून पोलादाच्या पत्र्याच्या प्रचंड गुंडाळ्या निघतात. व्हॉल्व्ह स्प्रिंगची तार तशा कामातून होत नाही. क्रोम-सिलिकॉन पोलाद अतिशय स्वच्छ वितळवतात, तारेची वरची साल सोलून काढतात, तेलात कडक करतात आणि वेटोळी झाल्यावर त्यांच्यावर बारीक छर्‍यांचा मारा करतात. त्या माऱ्याने वरचा थर आवळला जातो आणि चिरेला तोंड फुटत नाही. हे तंत्र १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये रुजलं, तेही व्हॉल्व्ह स्प्रिंगच्याच निमित्ताने.

एवढं करूनही चूक होते. टोयोटाने २०१० मध्ये सुमारे पावणेतीन लाख गाड्या आणि सुबारूने २०१८ मध्ये सुमारे चार लाख गाड्या व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी परत बोलावल्या. त्यातल्या कोणाही मालकाने खिंडीत चुकीचा गिअर टाकण्याची गरज नव्हती.

खारेपाटातल्या गाड्यांना आणखी एक धोका आहे आणि तो शर्यतीशी संबंधित नाही. हौसेची गाडी पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी राहते. इंजिन थांबतं तेव्हा काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, म्हणजे त्यांच्या स्प्रिंगा चार महिने दबलेल्या. तारेवरचं तेल हळूहळू ओघळतं, कव्हरखाली ओल धरते. अधूनमधून पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करणारा मालक तर ओल वाढवतोच, कारण तेल गरमच होत नाही. गंजाचा टिपका दिवाळीत पडतो नजरेआड, मोडते स्प्रिंग पुढच्या उन्हाळ्यात. गाडी उभीच ठेवायची तर आधी तेल बदलावं, आणि चालवायची तर पेणहून खोपोलीपर्यंत तरी न्यावी.

बाजारात ‘कडक स्प्रिंग’ विकत मिळते आणि तिच्यावर लोकांचा फार विश्वास. माझा नाही. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग कॅम झिजवते आणि हायड्रॉलिक टॅपेटला दाबून बसते. स्प्रिंग ब्रँड बघून नव्हे, कॅम बघून निवडायची असते. बसवलेली उंची ३५ मिलिमीटर, सगळी वेटोळी एकमेकांना टेकल्यावरची २४.५ आणि कॅमची लिफ्ट ९, तर दीड मिलिमीटर उरतो. तेवढा हवाच. त्याच स्प्रिंगवर साडेदहाचा कॅम टाकला की उरतं शून्य, आणि पहिल्याच रपेटीत वेटोळी एकमेकांवर आदळतात.

लेथवाल्याकडे सीट कापून घेतली की उलटा घोळ होतो. व्हॉल्व्ह थोडा वर सरकतो, उंची वाढते, दाब घटतो. स्प्रिंगची ताकद मिलिमीटरला तीन किलो असेल तर एका मिलिमीटरला तीन किलो गेले. खाली योग्य जाडीची वॉशर टाकून ते भरून काढता येतात, पण त्यासाठी व्हर्निअर हातात घ्यावा लागतो. हेडच्या कामात हीच पाच मिनिटं सर्वांत सहज वाचवली जातात.

(मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीचा मूळ तपशील बदलणं बेकायदा आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठणकावून सांगितलं. बदललेली गाडी बंद ट्रॅकसाठीच.)

स्प्रिंग टोकाजवळ मोडली, तर दोन तुकडे एकमेकांत फिरून बसतात आणि गाडी आयडलला शहाण्यासारखी चालते. मधे मोडली आणि लॉक सुटले, तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो आणि पिस्टन, हेड, खिसा सगळं जातं. दुहेरी स्प्रिंग असेल तर आतली वेळ मारून नेते. त्या दोघी उलटसुलट दिशेने वळलेल्या असतात, ते एकमेकींत अडकू नयेत म्हणून.

हेड खोललं की मालकाने आधी मोडलेले तुकडे मागून घ्यावेत. ते वायर ब्रशने घासू नयेत, एकमेकांना जोडूनही बघू नयेत. चिरेचा उगम तेवढ्याने पुसला जातो आणि दोष गंजाचा, ओरखड्याचा की पोलादाचा हे कळायचा मार्ग संपतो. आणि एकच स्प्रिंग बदलून हेड बंद करू देऊ नये. खिंडीतल्या त्या दुसऱ्या गिअरचा फटका बाकीच्यांनीही खाल्लेला असतो.