लेनवरचं तेल आणि न हलणारे पाय

अमेरिकेतल्या बोलिंग लीगमध्ये हे नेहमी दिसतं. पहिल्या गेमला 220 करणारा जुना, मुरलेला खेळाडू तिसऱ्या गेमला 160 वर घसरतो आणि तरी त्याचे पाय पहिल्या गेमला होते त्याच ठिपक्यावर असतात. संघातले सांगतात, जरा डावीकडे सरक. तो मान डोलावतो आणि पुन्हा तिथेच उभा राहतो. पाहणारे म्हणतात, हट्टी आहे. हट्ट थोडा असतोच. पण त्या हट्टाला लेनने, चेंडूने आणि गुणफलकाने वर्षानुवर्षं खतपाणी घातलेलं असतं, आणि ते कसं हे कळायला आधी काही समज बाजूला ठेवावे लागतात.

गैरसमज: लेन म्हणजे गुळगुळीत फरशी. ती दोन तासांत काय बदलणार?

फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत 60 फूट, रुंदी जेमतेम साडेतीन फूट, आणि त्या रुंदीत इंचभराच्या 39 उभ्या फळ्या. (हल्ली बहुतेक लेन सिंथेटिक असतात, फळ्या नुसत्या छापलेल्या, पण मोजणी त्यांनीच होते.) या पट्ट्याच्या पहिल्या 40 फुटांच्या आसपास यंत्राने तेल पसरलेलं असतं. सगळं मिळून साधारण 20 ते 30 मिलिलिटर, म्हणजे दोनेक मोठे चमचे. पूर्वी ते लाकडाचं रक्षण करायला लावत. आज सगळा खेळ त्यावर चालतो. तेलावर चेंडू घसरत सरळ जातो, तेल संपलं की पकड घेऊन वळतो.

पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये कधीतरी खेळलेल्यांना हे जाणवत नाही, कारण तिथे मिळणारा चेंडू कडक प्लॅस्टिकचा असतो. तेल असो वा नसो, तो फारसा वळत नाही. लीगमधल्या माणसाच्या स्वतःच्या चेंडूचं आवरण 1990 च्या दशकापासून रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचं आलं. त्याला सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांतून चेंडू तेल शोषतो. हिशेब करून पाहा. पाच-पाच जणांचे दोन संघ दोन लेनच्या जोडीवर आलटून पालटून खेळतात. म्हणजे एका गेममध्ये प्रत्येक लेनवर पन्नासेक पहिले चेंडू जातात, तीन गेममध्ये दीडशे. त्यातले बहुतेक उजव्या हाताचे, बहुतेक एकाच पट्ट्यातून. कॅरमवरची पावडर जशी स्ट्रायकरच्या नेहमीच्या वाटेवरून आधी नाहीशी होते, तसं तेल त्या पट्ट्यातून उडतं. तो पट्टा कोरडा झाला की चेंडू लवकर वळतो आणि पॉकेटमध्ये, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या फटीत, शिरण्याऐवजी पहिल्या पिनेच्या नाकावर आदळतो.

तेव्हा ‘मी माझी लाइन सोडत नाही’ असं म्हणणाऱ्याची लाइन तिसऱ्या गेमला जागेवर नसतेच. बरं, तेल दिसतही नाही. शेजारची लेन वेगळी वागते, आणि खेळाडू दर फ्रेमला, म्हणजे दर पाळीला, या लेनवरून त्या लेनवर जातो. डावीवर पाय बरोबर आणि उजवीवर चूक, असंही होतं.

गैरसमज: लाइन चुकली असती तर पिना पडल्याच नसत्या.

इथे गुणफलक थेट फसवतो. चेंडू जास्त वळून पहिल्या पिनेच्या डाव्या बाजूला शिरला, तरी कधी कधी दहाच्या दहा पिना पडतात. अमेरिकेत याला ‘ब्रुकलिन’ म्हणतात. फलकावर स्ट्राइकची खूण उमटते, टाळ्या पडतात, आणि पाय हलवायची सर्वांत मोठी सूचना त्या टाळ्यांत बुडून जाते. याच्या उलटही घडतं. चेंडू अगदी पॉकेटमध्ये जातो, पण सहा नंबरची पिन दहा नंबरला वळसा घालून निघून जाते आणि कोपऱ्यातली दहावी उभी राहते. बोलर म्हणतो, नशीब. कधी ते नशीबच असतं. कधी चेंडूचा शिरण्याचा कोन कमी झाल्याची ती पहिली खबर असते. स्ट्राइकसाठी चेंडू साधारण सहा अंशांत शिरावा लागतो. एवढ्याशा कोनातला फरक डोळ्याला दिसत नाही, पिनांच्या पडण्यातून ओळखावा लागतो.

त्यात लीगच्या ‘हाउस’ पॅटर्नची, म्हणजे नेहमीच्या तेल-मांडणीची भर. या पॅटर्नमध्ये मध्ये भरपूर तेल आणि कडांना अगदी थोडं असतं. चेंडू जरा उजवीकडे गेला तर कोरडी कड त्याला परत आणते. जरा डावीकडे गेला तर मधलं तेल त्याला वळू देत नाही. म्हणजे चूक कुठेही करा, पॉकेट जवळच. माझ्या मते जुन्या बोलरच्या हटून बसण्यामागे स्वभावापेक्षा या पॅटर्नचा वाटा मोठा आहे. वीस वर्षं लेनच त्याच्या चुका पोटात घालत आली, आणि त्याला वाटत राहिलं की हे आपल्या लाइनचं कर्तृत्व. व्यावसायिक स्पर्धांत ही सवलत मिळत नाही. पीबीए या व्यावसायिक बोलरांच्या संघटनेच्या पॅटर्नना चीता, शार्क अशी नावं आहेत. काही आखूड, काही लांब, आणि मध्य व कड यांतला तेलाचा फरक कमी.

गैरसमज: तो काहीच बदलत नाही.

पाय न हलवणारा बोलर खरं तर सतत बदल करत असतो, फक्त हाताने. चेंडू जास्त वळायला लागला की तो नकळत जोरात टाकतो. पुढच्या वेळी मनगट थोडं सैल ठेवतो, मग बोटांचा फिरकाव कमी करतो. जो बदल पायाने एका पावलात झाला असता तो हाताने चार ठिकाणी होतो आणि पुन्हा तसाच करून दाखवता येत नाही. म्हणून तिसऱ्या गेमला त्याची टाकणी खरोखर बिघडते, आणि त्याचा मूळ संशय, ‘लेन नाही, माझाच हात चुकतोय’, खरा ठरतो. बाहेरून सांगणाऱ्याला आता पुरावा उरत नाही.

हाताकडे वळण्यामागे शिकवणही आहे. अमेरिकेत लहानपणापासून एकच धडा: तेच पाऊल, तोच झोका, तोच बाण. फाउल लाइनपलीकडे, सुमारे 15 फुटांवर सात बाण असतात. पिनांकडे नव्हे, बाणाकडे पाहायचं. एकसारखेपणालाच कौशल्य म्हटलं गेलं की जागा बदलणं ही कबुली वाटते. 1950-60 च्या दशकांत, लॅकर लावलेलं लाकूड आणि रबराचा चेंडू असताना, या धड्याने काम भागत होतं.

गैरसमज: सरकायचं म्हणजे किचकट गणित.

तिसरी-चौथीचं गणित आहे. पाय एक फळी डावीकडे आणि नजर त्याच बाणावर ठेवली, तर 15 फुटांवर बाण आणि 60 फुटांवर पिना असल्यामुळे चेंडू पिनांपाशी साधारण तीन फळ्या उजवीकडे जातो. तेल उडाल्यावर लीगमधला रुळलेला नियम आहे: पाय दोन फळ्या डावीकडे, नजर एक फळी डावीकडे. डावखुऱ्यांनी उलट. खरा त्रास नजरेचा आहे. दोन इंच सरकल्यावर सगळी लेन तिरकी दिसते आणि शरीर म्हणतं, हे चूक आहे.

गैरसमज: जितका अनुभवी, तितका अडेल.

याला बुद्धिबळातून एक सुंदर उत्तर मिळालं आहे. मेरिम बिलालिच, पीटर मॅक्लाउड आणि फर्नांड गोबे या मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खेळाडूंपुढे अशी स्थिती मांडली, जिच्यात एक ओळखीची मात लांबच्या वाटेने होती आणि एक अनोळखी मात जवळच्या वाटेने. चांगल्या खेळाडूंना ओळखीची लगेच सापडली. आणखी चांगली चाल आम्ही शोधतोय, असं ते प्रामाणिकपणे सांगत होते. पण त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदल्या तेव्हा नजर पुन्हा पुन्हा ओळखीच्याच वाटेतल्या घरांवर जात होती. ओळखीची वाट पटावरून काढून टाकली की तेच खेळाडू जवळची मात शोधत. आणि ग्रँडमास्टर? ते या सापळ्यात जवळजवळ अडकलेच नाहीत. अडकणारे होते ते मधले: भरपूर जाणणारे, पण शिखरावर न पोचलेले.

लीगचा 200 सरासरीचा बोलर याच मधल्या पायरीवर असतो. ‘अरे, जरा लेनकडे बघ’ हे त्याला सांगून फारसा उपयोग होत नाही, कारण त्याच्या मते तो बघतच असतो. उपयोग होतो तो त्याची ओळखीची वाट बंद केली तर. सरावाला एक गेम पाच फळ्या डावीकडूनच खेळायचा, गुण मांडायचेच नाहीत, असं ठरवलं की पाय आपोआप मोकळे होतात. लीगच्या रात्री हे सुचवू नये. तिथे गुणांवर संघाची जागा ठरते आणि चौघांसमोर प्रयोग फसवून घ्यायला कोण तयार होईल?

एक इशारा उलट बाजूचाही. दर चुकलेल्या चेंडूला सरकणारा बोलरही तितकाच हरतो. एक चेंडू पहिल्या पिनेच्या नाकावर लागला तर तो दोष हाताचा असू शकतो. नीट टाकलेले दोन लागोपाठ तसेच लागले तर पाय हलवावेत. वॉल्टर रे विल्यम्स ज्युनियर यांच्या नावावर पीबीएची विक्रमी 47 विजेतेपदं आहेत, आणि त्यांचा चेंडू समकालीनांच्या मानाने सरळ जात असे. कमी वळणारा चेंडू तेलाच्या बदलाला कमी बळी पडतो, त्यामुळे त्यांना सरकावंही कमी लागे. चेंडू खूप वळवणाऱ्या लीगच्या बोलरने त्यांचा दाखला देऊ नये.