अवघड विषयाच्या गुणांना अधिक भार द्यावा काय? दहावीच्या दोन गणितांचा विचार

वडोदऱ्यातील विद्यार्थी दहावीचा बोर्डाचा अर्ज भरतो तेव्हा गणितासाठी त्याच्यापुढे दोन पर्याय असतात : स्टँडर्ड आणि बेसिक. गुजरात बोर्डाने २०२२ च्या परीक्षेपासून ही विभागणी अमलात आणली. सीबीएसईने ती २०२० मध्येच केली होती. पाठ्यपुस्तक एकच, फरक प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यपातळीत. मात्र दोन्हींचे गुण १०० पैकी असतात व एकूण ६०० गुणांत ते सारख्याच मोलाने धरले जातात. साहजिकच स्टँडर्डमध्ये ६५ मिळवणारा विद्यार्थी बेसिकमध्ये ८५ मिळवणाऱ्याच्या मागे पडतो.

अमेरिकेतील अनेक हायस्कुलांत प्रगत अभ्यासक्रमातील ‘ए’ श्रेणीला ४ ऐवजी ५ अंक देतात. असा भार येथे द्यावा, असे कोणीही सुचवील. पण हिशेब करून पाहावा. १० टक्के भार दिल्यास ६५ चे ७१.५ होतात, एकूण टक्केवारीत जेमतेम १.१ ची भर पडते. २० गुणांचे अंतर भरून काढायचे तर सुमारे ३१ टक्के भार द्यावा लागेल. तो आकडा कोणत्या मापाने ठरवावयाचा? महाविद्यालयातील श्रेयांकही तासिका मोजतात, काठिण्य नव्हे. महाराष्ट्राने २००८ मध्ये अकरावी प्रवेशासाठी निरनिराळ्या बोर्डांचे गुण पर्सेंटाइलने एका पातळीवर आणू पाहिले. मुंबई उच्च न्यायालयाने ते सूत्र रद्द केले. पुढच्याच वर्षीचा ९०:१० कोटाही टिकला नाही.

गुजरातने भार देण्याऐवजी दार बंद केले. बेसिकवाल्यास अकरावी विज्ञानाच्या ए ग्रुपमध्ये, म्हणजे भौतिक, रसायन व गणित या गटात, सुरुवातीला प्रवेश नव्हता. नियम तर्काला धरून होता. अडचण निवडीच्या वेळची होती. जे पालक स्वतः दहावीपर्यंत पोहोचले नाहीत, त्यांना टक्केवारी समजते, ए ग्रुप समजत नाही. शाळेलाही आपला निकाल सांभाळावयाचा असतो. ‘बेसिक घे, टक्के वाढतील’ हा सल्ला हितबुद्धीने दिला जाई आणि पंधराव्या वर्षी अभियांत्रिकीची वाट बिकट होऊन बसे. घरात विचारण्यासारखे कोणी नसलेल्या मुलीला ते बहुधा निकालानंतरच कळे. गुणांना कितीही भार दिला असता तरी तिचा प्रश्न सुटला नसता.

हेच विद्यार्थी पुढे कम्युनिटी कॉलेजात येतात. तेथील शिक्षकाने गुणपत्रिकेवरील गणिताचा आकडा पाहण्याआधी ते गणित कोणते, हे पाहिले पाहिजे. ८५ गुण असूनही सूत्राची मांडणी अडली, तर त्यात विद्यार्थ्याचा आळस शोधू नये. शाळांना करता येण्याजोगी गोष्ट लहान आहे : अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येकाकडून दोन्ही नमुना प्रश्नपत्रिका सोडवून घ्याव्यात आणि त्या उत्तरपत्रिका समोर ठेवूनच पालकांशी बोलावे.