बोकडाला तेल पाजताय?

बकरी ईदच्या दोन-तीन आठवडे आधी बोकड घरी येतो आणि सगळ्या घराचा लाडका होतो. त्याने अंग धरावे म्हणून कोणी कोंड्यात तेल कालवते, कोणी तुपाची पोळी भरवते. हेतू चांगला, पण बोकडाचे पोट आपल्यासारखे नाही.

त्याने खाल्लेला चारा आधी कोटीपोटात जातो. तिथले असंख्य सूक्ष्मजीव तो आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवरच बोकडाचे बहुतेक पोषण होते. पातळ तेलातली असंतृप्त मेदाम्ले मात्र या जिवाणूंना घातक असतात. म्हणून ते तेलाचे रेणू फोडतात आणि सुट्या मेदाम्लांना हायड्रोजन जोडून त्यांना घट्ट, संतृप्त करतात. आतड्यात पित्तरसाच्या मदतीने पचतो तो बहुतांशी हा बदललेला मेद. मटणाचा रस्सा गार झाला की वर पांढरी चरबी थिजते, तिचे मूळ इथे आहे. कोंबडीला कोटीपोट नाही, म्हणून तिची चरबी मऊ राहते. (अंगावर पिणाऱ्या करडाचे दूधही कोटीपोट टाळून एका खोबणीतून थेट चौथ्या कप्प्यात उतरते. अल्लाहची कारागिरी!)

पण जिवाणूंच्या या कामाला मर्यादा आहे. चाऱ्यात मुळातच शेकडा 2-3 भाग मेद असतो. एकूण प्रमाण 6-7 च्या वर गेले की जिवाणू मरू लागतात, तेलाचा थर बसलेला चारा पचत नाही आणि बोकड खाणे कमी करतो. 30 किलोचा बोकड दिवसाला सुमारे किलोभर कोरडा आहार खातो. म्हणजे सगळा मिळून 60-70 ग्रॅम मेद झाला. एक वाटी तेल एकटेच 100 ग्रॅमच्या पुढे जाते! पेंडीतही तेल असते, ते वेगळेच.

एकदम भरपूर गहू, पोळ्या किंवा उरलेला भात देणे तर तेलाहून वाईट. पोटात आम्ल वाढून जनावर दगावूही शकते. आणि उघड आजारी जनावर कुर्बानीला चालत नाही, हे आपण जाणतोच.

शेवरी-बाभळीचा पाला, लसूणघास, वाळला चारा, मूठभर भरडा आणि स्वच्छ पाणी एवढे पुरते. खुराक वाढवायचा तर रोज थोडा थोडा वाढवावा. बोकडाने रवंथ थांबवले, डावी कूस फुगली, तर घरगुती काढ्यात वेळ न घालवता लगेच पशुवैद्यकाला बोलवावे.