वजन उतरवायचं, पण दमानं

ओपीडीत वजनाच्या काट्यावरून उतरता उतरता हल्ली एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, दिवसातून दोनदाच खायचं, की दर दोन तासांनी थोडं थोडं?" विचारणारे कधी रबाळे एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळीनं काम करणारे असतात, कधी गोठिवली-तळवलीच्या गृहिणी, कधी ऐरोलीच्या आयटी कंपनीत दिवसभर खुर्चीवर बसणारी तरुण मुलं. प्रश्न मात्र तोच. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत याच प्रश्नावर जणू दोन पंथ तयार झाले आहेत.

एका बाजूला नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवलेली पद्धत : कडकडून भूक लागते तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं आणि रोज 45 मिनिटं चालायचं. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर यांच्यासारख्या आहारतज्ज्ञ : घरचं, आपल्या मातीतलं, ऋतूप्रमाणे मिळणारं खा, फार वेळ उपाशी राहू नका. दोन्हीकडे वजन घटलेले लोक आहेत आणि दोन्हीकडे चार महिन्यांनी पुन्हा मूळ वजनावर आलेलेही आहेत. मग खरं काय?

चीनमधल्या ग्वांगझू शहरात स्थूल व्यक्तींवर झालेला एक अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. 139 जणांना वर्षभर सारख्याच कमी कॅलरींचा आहार दिला. निम्म्यांनी सकाळी 8 ते दुपारी 4 या वेळेतच खायचं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नाही. वर्षअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी 8 किलोंनी, तर दुसऱ्याचं 6.3 किलोंनी घटलं. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतका नव्हता. म्हणजे घड्याळापेक्षा ताट महत्त्वाचं. दोनदा जेवणाऱ्याचं वजन उतरतं, कारण मधल्या वेळचा चहा, बिस्किटं, फरसाण सुटतं. थोडं थोडं खाणाऱ्याचं उतरतं, कारण भुकेनं कासावीस होऊन तो वडापाववर तुटून पडत नाही. तुमच्या कामाच्या वेळेत जी पद्धत वर्षानुवर्षं निभेल, ती तुमची.

काट्यावर न दिसणारी चरबी

"मी काही जाडा नाही, फक्त पोट थोडं सुटलंय," असं हसत सांगणारे पुष्कळ भेटतात. धोका नेमका तिथेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोंची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच लहान. पण त्यांच्यात कमी होते ते स्नायू, चरबी त्या मानानं टिकून होती. बारीक दिसणारं, तरी आतून चरबी बाळगणारं असं हे भारतीय शरीर.

डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, तो जगभर गाजला. दोघांचाही बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के!

म्हणूनच आपल्यासाठी मोजपट्टी कडक आहे. पाश्चात्त्यांत बीएमआय 25 च्या पुढे वजन जास्त मानतात, आपल्याकडे 23 पासूनच. कंबरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत हवा. घेर मोजायला शिंप्याचा टेप पुरतो : सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि जवळपास 40 टक्के प्रौढांचं पोट सुटलेलं आहे. पोटाच्या आतली ही चरबी यकृतात साठते, इन्शुलिनला दाद देत नाही आणि साखर, रक्तदाब, हृदयविकार यांना दार उघडून देते.

पहिल्या आठवड्याची फसगत

"आठ दिवसांत चार किलो" अशा जाहिराती पूर्ण खोट्या नसतात, म्हणूनच त्या फसव्या असतात. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखरेची शिल्लक असते. तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की ही शिल्लक संपते आणि पाणी निघून जातं. काटा खाली येतो, चरबी मात्र जवळपास तेवढीच राहते. पुन्हा नीट जेवलात की पाणी परत.

एक किलो चरबीत ढोबळमानानं 7,700 कॅलरी असतात. रोज 500 कॅलरी कमी पडल्या, तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास चरबी उतरते, आणि पुढे पुढे हा वेगही मंदावतो. कारण शरीराला उपासमार कळते. 2011 च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दहा आठवडे अगदी कमी खाऊन वजन घटवलेल्या लोकांची वर्षभरानंतर तपासणी केली. भूक वाढवणारी संप्रेरकं तेव्हाही चढलेली आणि पोट भरल्याचं सांगणारी उतरलेलीच होती. वजन परत वाढलं की रुग्ण स्वतःला दोष देतो, घरचेही त्याला "तुझ्यात जिद्दच नाही" म्हणतात. खरं तर तो शरीराच्या जुन्या, चिवट यंत्रणेशी झगडत असतो. घाईनं वजन उतरवताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि आपल्याकडे स्नायू मुळातच कमी.

म्हणून लक्ष्य लहान ठेवा : सहा महिन्यांत सध्याच्या वजनाच्या 5 ते 7 टक्के. 80 किलोंच्या माणसासाठी चार ते साडेपाच किलो. एवढ्यानंही साखर आणि रक्तदाब सुधारू लागतात. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर केलेल्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार आणि चालण्यानं मधुमेहाचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी घटला, तेही वजनात फारसा फरक न पडता. काटा हलला नाही म्हणून मेहनत वाया गेली असं समजू नका.

पाळी, टपरी आणि झोप

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कामगाराचं खाणं घड्याळावर नाही, पाळीवर चालतं. सकाळची पाळी असेल तर घरून चहा-बिस्किटावर निघायचं, सुटीत टपरीवर वडापाव, रात्रपाळीत जागं राहायला चहावर चहा. एका कटिंगमध्ये साखर दीड चमचा धरली, तरी साडेसात ग्रॅम होते. दिवसाला सहा कटिंग म्हणजे 45 ग्रॅम साखर, 180 कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये दिलेली मर्यादा दिवसाला 25 ग्रॅमची आहे. एक वडापाव साधारण 300 कॅलरींच्या घरात जातो. पाऊण तास भरभर चाललात, तर जेमतेम 200 खर्च होतात. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला हवंच, पण चालून वडापाव फेडता येत नाही.

झोपेचा हिशेबही इथेच मांडायला हवा. 2004 च्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तेव्हा भुकेचं संप्रेरक 28 टक्क्यांनी वाढलं आणि तृप्तीचं 18 टक्क्यांनी उतरलं. रात्रपाळीच्या आठवड्यात गोड-तळकट खावंसं वाटतं, त्यामागे हेही कारण आहे. शिवाय रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही. त्यामुळे रात्रपाळी असेल तर मुख्य जेवण कामावर निघण्यापूर्वी घ्या. मध्यरात्री पूर्ण डबा उघडण्याऐवजी भाजलेले चणे-फुटाणे, उकडलेलं अंडं, ताक किंवा एखादं फळ ठेवा. सकाळी घरी आल्यावर हलकं खाऊन, पडदे ओढून झोपा. चहा बंद करायची गरज नाही. सहाचे तीन करा आणि टपरीवाल्याला "साखर कमी" एवढे दोन शब्द सांगा. दोन आठवड्यांत जीभ सरावते.

ताट कसं मांडायचं?

पोषण संस्थेच्या 2,000 कॅलरींच्या नमुना आहारात दिवसाला धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मासळी 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, दूध-दही 300 मिलिलिटर आणि तेल-तूप 27 ग्रॅम आहे. (धान्य-डाळींची ही वजनं कच्ची.) आपल्या घरातलं ताट याच्या नेमकं उलटं असतं : भाताचा डोंगर, पोळ्यांची चळत, वाटीच्या तळाशी डाळ आणि तोंडी लावण्यापुरती भाजी. म्हणून पोटभर जेवूनही तासाभरात भूक लागते.

नवं काही विकत आणायचं नाही, जागांची अदलाबदल करायची. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर. पाव ताटात मटकीची उसळ, घट्ट वरण, अंडी किंवा मासे. उरलेल्या पावात भात किंवा भाकरी-पोळी, दोन्ही एकदम नको. आधी कोशिंबीर-उसळ खा, भात शेवटी. याच क्रमानं खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी उसळते, असं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. आगरी-कोळी घरांतली तांदळाची भाकरी वाईट नाही. पण तीन भाकऱ्यांऐवजी एक आणि बोंबील तळण्याऐवजी कालवणात, एवढा बदल पुरतो. ज्वारीची भाकरी चांगली, पण तीही मोजूनच. पन्नास ग्रॅम पिठाची एक भाकरी साधारण 170 कॅलरींची असते.

तेलाचा हिशेब वाण्याच्या यादीवरून करा. चार जणांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल म्हणजे माणशी रोज सुमारे 23 ग्रॅम. पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल, तर कुणाचंही वजन उतरणं अवघड.

उपवासाबद्दल आपल्याकडे "एकादशी अन् दुप्पट खाशी" म्हणतात, ते खरंच आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. त्यात दाणे, बटाटा आणि तूप आलं की उपवासाचं जेवण नेहमीपेक्षा जड होतं. वरीचा थोडा भात, ताक, काकडी, एखादं फळ यानं उपवासही होतो आणि पोटही हलकं राहतं.

आणि घरातल्या बाईचं ताट? मुलांनी टाकलेला घास, रात्रीचा उरलेला भात "वाया जाऊ नये" म्हणून तिच्याच पोटात जातो. मुलांची अर्धी पोळी आणि वाटीभर भात म्हणजे अडीचशे कॅलरी, रोजच्या. हा प्रश्न तिच्या इच्छाशक्तीचा नाही, घरानं अंदाजानं शिजवण्याचा आणि ताटात कमी वाढून घेण्याचा आहे.

इथे मात्र थांबा

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी व्हिडिओ पाहून जेवणं वगळू नयेत. गोळी घेतली आणि जेवण चुकवलं, तर साखर एकदम उतरते : दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. चालत्या यंत्रासमोर किंवा बाइकवर असं झालं, तर प्राणाशी गाठ. जेवणाची पद्धत बदलण्यापूर्वी गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि सत्तरीपुढची मंडळी यांनीही विचारूनच पाऊल टाकावं.

काही न करता वजन उतरत असेल, तर खूश होऊ नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, भूक मेलेली असेल तर क्षयरोगाची तपासणी करा, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. मधुमेह, थायरॉइड आणि कर्करोगातही वजन असंच घटतं. वजन घटवणारी नवी इंजेक्शनं 2025 पासून आपल्याकडे मिळू लागली आहेत. काही रुग्णांना ती खरोखर उपयोगी आहेत, पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घ्यायची असतात, आणि बंद केल्यावर वजन बहुधा परत चढतं. ताट तेव्हाही नीट लावावंच लागतं.

सुरुवात कुठून?

सगळं एकदम बदलू नका. पहिले दोन आठवडे फक्त चहातली साखर. पुढचे दोन ताटातला भात आणि उसळ यांची अदलाबदल. मग तेलाचा कॅन. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी सकाळी वजन करा. रोज केलंत तर पाण्याच्या चढउतारानं जीव टांगणीला लागतो. महिन्यातून एकदा कंबर मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहा.

एखाद्या हळदीला, गावच्या जत्रेला पोटभर जेवलात तर बिघडलं काही नाही. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून त्याची भरपाई करू नका, नेहमीच्या ताटावर परत या. वजन वर्षानुवर्षं घासाघासानं चढलेलं असतं, ते उतरायलाही वेळ लागणारच. सहा महिन्यांनी पट्ट्याचं एक भोक आत गेलं आणि जिना चढताना धाप कमी लागली, तर तुमचं बरोबर चाललं आहे.