अंदमान : आधी जेल, मग बीच

अंदमानला आम्ही मित्र गेलो ते बीचसाठी. सेल्युलर जेल ठेवलं शेवटच्या दिवशी, विमान पकडायच्या घाईत. मित्रांनो, तुम्ही क्रम उलटा ठेवा.

पोर्ट ब्लेअरचं (२०२४ पासून श्री विजयपुरम) हे जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधलं. प्लॅन बघण्यासारखा आहे. मध्ये टॉवर आणि त्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात तीनमजली इमारती. प्रत्येकीचं तोंड शेजारचीच्या पाठीकडे. त्यामुळे टॉवरवरून पहारा सोपा, पण कैद्याला समोरचा कैदी दिसतच नाही! १९११ मध्ये तात्याराव सावरकर इथे आले, तेव्हा थोरले बंधू बाबाराव याच जेलमध्ये होते. आज तीनच इमारती उरल्यात.

तिथून समोरच दिसतं रॉस बेट (२०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप). साहेबांचे बंगले, चर्च; आता भिंतींना झाडांच्या मुळांचा विळखा.

मग बोटीने हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप. राधानगर बीच पश्चिमेला आहे, सूर्यास्त चुकवू नका. पांढरी वाळू, निळंशार पाणी.

याच समुद्राला 'काळं पाणी' का म्हणायचे, हे मला कोठडीत उभं राहिल्यावर कळलं. तिथे मी फक्त दोन मिनिटं होतो. तुम्ही निवांत वेळ काढून जा.