लेकरू कोणापाशी ठेवलं?

आमच्या मुकुटबनला नोकरी करणाऱ्या बाईला एक प्रश्न हमखास विचारला जातो. बाजारात विचारतात, एसटीच्या थांब्यावर विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात. "बाई, लेकरू कोणापाशी ठेवलं?" विचारणारीच्या मनात काही वाईट नसते. पण एके काळी या प्रश्नाचे खरे उत्तर मला देता येत नव्हते. घर आणि नोकरी यांचा समतोल या विषयावर बोला असे मला सांगण्यात आले, तेव्हा सगळ्यात आधी तेच दिवस आठवले. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यातले गाव. एका बाजूला वणी, दुसऱ्या बाजूला तेलंगणाची सीमा. एकाच बाजारात वऱ्हाडी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी कानावर पडते. कापूस हे इथले मुख्य पीक. वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. २०२२ मध्ये गावाजवळ सिमेंटचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून बाहेरगावची नोकरदार कुटुंबेही दिसू लागली. मी इथे २००८ मध्ये शिक्षिका म्हणून आले. माझे यजमान खाणीत नोकरीला. त्यांची पाळी आठवड्याला बदलायची. सासूबाई मोठ्या दिरांकडे पुसदला.

२०१० मध्ये मुलगा झाला. रजा संपली तेव्हा तो सहा महिन्यांचा होता. शाळा सकाळी साडेदहाला भरायची आणि पाचला सुटायची. लेकरू कोणापाशी ठेवायचे?

मागच्या वस्तीतल्या एका बाईने हा प्रश्न सोडवला. ती कापूस वेचायला जायची. तिची दहा-अकरा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळत घरीच असे. "बाई, पोरगी रिकामीच असते. माह्यंबी लेकरू पाहते, तुमचंबी पाहीन," असे म्हणून तिने पोरीला आणून सोडले. मी महिन्याचे पैसे ठरवले, दुपारचे जेवण माझ्याकडे. पोर गुणी होती. दोन्ही लेकरांना वेळेवर भरवायची, झोपवायची. मी निर्धास्त मनाने शाळेत जाऊ लागले. शाळेतल्या बायका म्हणत, "तुमचं छान बसलं हो." मलाही तसेच वाटे.

संध्याकाळी घरी आले की ती पोर एकच गोष्ट विचारायची. "बाई, आज कोनता धडा झाला?" मी हसून सांगायची आणि चहा टाकायला जायची.

त्याच वर्षी, १ एप्रिल २०१० पासून, सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला होता. डिसेंबरात मुख्याध्यापकांनी सतत गैरहजर असणाऱ्या मुलांच्या याद्या केल्या आणि आम्हा शिक्षकांना वाटून दिल्या. घरी जायचे, पालकांना समजवायचे, मुलाला शाळेत आणायचे. माझ्या वाट्याच्या यादीत तिसरे नाव त्या पोरीचे होते. तिच्या घरी जाण्याची मला गरज नव्हती. ती माझ्याच घरी होती.

ती शाळेत का जात नाही, हे मी तिला कधी विचारले नव्हते. विचारले असते तर उत्तर ऐकावे लागले असते. यादीतल्या शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले, 'घरी लहान भावंड सांभाळते.' शेरा खोटा नव्हता, पण अर्धाच होता. तीन आठवडे मी तो तसाच राहू दिला. माझा समतोल एका मुलीच्या पाचवीच्या वर्गावर उभा होता, आणि ते मला समजले होते.

हे माझे एकटीचे दुखणे म्हणून मी सांगत नाही. पुढे मी हिशोब मांडला, तेव्हा लक्षात आले की या गोष्टीची मुळे आपल्या व्यवस्थेतच आहेत.

पगारी नोकरी असलेल्या बाईला बाळंतपणाची रजा साधारण सहा महिने मिळते. खाजगी आस्थापनांसाठी १९६१ चा प्रसूती लाभ कायदा होता. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी त्यातली रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. याच तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या. राज्य सरकारी नोकरीतल्या मातांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. दुसऱ्या टोकाला अंगणवाडी आहे. पण तिथे मूल बसू लागते ते तिसऱ्या वर्षापासून. त्याहून लहान बाळाला पोषण आहार मिळतो, लसीकरणाची नोंद होते, पण दिवसभर त्याला सांभाळायला कोणी नसते.

म्हणजे सहा महिने ते तीन वर्षे, ही मधली अडीच वर्षे मोकळीच राहतात. आईचे दूध, पहिले पाऊल, पहिला शब्द, आजारपणे, सगळे याच काळातले. नोकरी सोडावी की धरावी, हा विचारही बायका याच काळात करतात. ही अडीच वर्षे कोणीतरी भरून काढते. कुठे आजी, कुठे मोलकरीण, कुठे थोरली बहीण.

मजूर बाईची अडचण तर आणखी लवकर सुरू होते. तिला रजा नसतेच. आमच्याकडे सीतादही झाले की कापूस वेचणी सुरू होते आणि वेचे पुढे कितीतरी आठवडे चालतात. मजुरी किलोवर. कमरेला ओटी बांधायची, दिवसभर बोंडे वेचायची आणि संध्याकाळी काट्यावर वजन करायचे. लेकराला पाजायला बाई अर्धा तास धुऱ्यावर बसली तर तिचा तेवढा कापूस कमी भरतो. उन्हात, फवारणी झालेल्या पऱ्हाटीत तान्हे मूल नेणेही बरे नाही. मग थोरल्या मुलीची शाळा बुडते. वेचणीच्या दिवसांत वर्गात मुलींच्या जागा रिकाम्या का दिसतात, याचे उत्तर मला माझ्याच घरात मिळाले होते.

बाळंतपणाचा भार एकट्या आईवर टाकू नये, हा विचार आपल्याकडे जुना आहे. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेला आले. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना मांडले की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्याच हिताचे आहे आणि त्याचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

दुसरे नाव ताराबाई मोडकांचे. त्या काही काळ आमच्या वऱ्हाडात, अमरावतीला, संसार करत होत्या. १९२१ मध्ये विवाह संपल्यावर लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि स्त्रियांच्या अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. तिथून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सोबतीने बालशिक्षणाच्या कामाला लागल्या. एकटीने मूल वाढवत नोकरी करणारी ही शंभर वर्षांपूर्वीची आई. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच रुजला. पुढे कोसबाडला अनुताई वाघांसह काम करताना त्यांना दिसले की, आदिवासी मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर भावंडे असतात. म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. भावंड पाळण्यात आणि ताई वर्गात. हे मी डी.एड.ला असताना पाठ केले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पण त्याचा अर्थ कळायला माझ्या घरची ती पोर यावी लागली.

शेवटी एका रात्री मी यजमानांना सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "खाणीत मला आजपर्यंत कोणी विचारलं नाही, लेकरू कोणापाशी ठेवलं म्हणून." बरोबरच होते. हा प्रश्न फक्त आईलाच विचारतात. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत दिसले की, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ त्यात जातो आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास आणि पुरुषाचा दीड तास. घरातल्या घरात समतोल साधायचा तर आधी हा काटा पाहायला हवा.

आम्ही कागद घेऊन बसलो आणि एक-एक तास मांडला. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात ते दुपारी अडीचपर्यंत घरी असत, तेवढा वेळ लेकरू त्यांच्याजवळ. रात्रपाळीच्या आठवड्यात त्यांना दिवसा झोप हवी, आणि पहिल्या पाळीत तर ते सकाळीच जात. उरलेल्या तासांसाठी माणूस हवे होते, आणि ते मोठे माणूस हवे होते. वस्तीत एक म्हातारी होती. गुडघे दुखत, त्यामुळे वेचणीला जाणे बंद झालेले. तिच्या ओसरीवर माझा मुलगा, त्या पोरीचा भाऊ आणि आणखी दोन लेकरे बसू लागली. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात असे होते की, कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचे आणि तिला बाकीच्यांइतकीच मजुरी द्यायची. मुले सांभाळणे हे माती उचलण्याइतकेच काम आहे, हे त्यात मान्य केलेले होते. आम्हीही म्हातारीची मजुरी ठरवली. माझा पगार दर महिन्याचा, म्हणून जास्त वाटा माझा. वेचणीवाल्या बायांनी जमेल तसा दिला.

जानेवारीत ती पोर शाळेत आली. तीन महिन्यांचा अभ्यास बुडाला होता. मी संध्याकाळी तिला बसवून घेत असे. ती माझी मेहेरबानी नव्हती, माझ्यावरचे कर्ज होते.

सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. पावसाळ्यात म्हातारी तापाने पडली, तेव्हा मी बिनपगारी रजा घेतली. कधी यजमानांनी पाळी बदलून घेतली. कधी मुलाला शाळेत नेऊन माझ्या खुर्चीजवळ चटईवर निजवले. दोन हिवाळे असेच काढले आणि मुलगा अंगणवाडीत जाऊ लागला.

नोकरदार आईचे वर्णन करताना तारेवरची कसरत असे म्हणतात. डोंबाऱ्याच्या खेळात दोरीवर चालणारी एकटी दिसते खरी, पण दोरी ताणून धरणारे खांब कोणीतरी रोवलेले असतात. मैत्रिणींनो, आपले खांब कोण आहेत, ते एकदा बघा. सासूबाई असतील तर त्यांच्या गुडघ्यांना विचारा. कामवाली असेल तर तिचे लेकरू कोणापाशी आहे ते विचारा. आणि खांबाच्या जागी एखादी शाळकरी पोर उभी असेल, तर तिला आधी मोकळी करा.

गावाने करण्यासारखेही आहे. २०२२ पासून केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याचा नियम आपल्याकडे आहे. त्या सभेत नळ, रस्ता यांच्यासोबत हा विषयही मांडावा. निदान वेचणीच्या दिवसांत तरी लेकरांना संध्याकाळपर्यंत बसायला एक जागा आणि सांभाळायला एक मजुरी घेणारी बाई असावी.

ती पोर दहावीपर्यंत शिकली. पुढे लग्न होऊन जवळच्याच गावी गेली. गेल्या दिवाळीत बाजारात भेटली, कडेवर वर्षभराचे बाळ. वेचणी सुरू होती. मी विचारले, "तू वावरात जाते तेव्हा याला कोणापाशी ठेवते?" ती हसली. "सासूजवळ, बाई. अन् बुधवारी तिच्यानं होत नाही, तर याचा बाप घरी राह्यते."

आठवड्यातला एकच दिवस. पण तो बापाचा होता, एखाद्या पोरीच्या शाळेचा नव्हता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)