वॅटच्या आकड्याला भुलू नका

स्पीकर घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती वॅटचा आहे?’ मग मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की गावातले टीव्हीचे दुकान, विक्रेता खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा दाखवतो आणि दोघांचेही समाधान होते. पण स्पीकर वॅट देतच नाही. वॅट देतो अँप्लिफायर. स्पीकरवरचे १०० वॅट ही फक्त त्याची सहन करण्याची मर्यादा असते. पुलावर ‘कमाल भार १० टन’ अशी पाटी असते, म्हणून पूल काही १० टन माल ओढून नेत नाही. घरातल्या अँपला जुळणारा बुकशेल्फ स्पीकर निवडायचा असेल, तर आधी दुसरे दोन आकडे पाहावेत: सेन्सिटिव्हिटी आणि इंपीडन्स.

स्पीकरला २.८३ व्होल्टचा दाब दिला, तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, ती त्याची सेन्सिटिव्हिटी. बुकशेल्फ स्पीकरांत ती साधारण ८४ ते ९० डेसिबलच्या दरम्यान असते. सहाचा फरक किरकोळ वाटेल, पण डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराने चालते. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, चौपट केली की ६. म्हणजे ९० डेसिबलचा स्पीकर २५ वॅटवर जेवढा वाजतो, तेवढे वाजायला ८४ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट लागतात. ५० वॅटचा अँप विकून १०० वॅटचा आणला, तर पदरात पडतात अवघे ३ डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती हवी.

एवढी वीज जाते कुठे? बहुतेक सगळी उष्णतेत. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला शंकू, ही रचना जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली. आजचे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. हवा इतकी विरळ असते की शंकूचा जोर तिच्यात फारसा उतरतच नाही. ८६ डेसिबलच्या स्पीकरमध्ये विजेचा जेमतेम पाव टक्का ध्वनी होतो, बाकीची वेटोळे तापवते.

मग सगळेच कारखानदार ९० डेसिबलचे स्पीकर का बनवत नाहीत? अमेरिकेतल्या केएलएच कंपनीचे एक संस्थापक अँटन हॉफमन यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो: छोटी पेटी, खोल बेस आणि जास्त सेन्सिटिव्हिटी, या तिन्हींपैकी दोनच पदरात पडतात. छोट्या पेटीत कोंडलेली हवा शंकूला परत ढकलते. तरीही खालचे स्वर हवे असतील, तर शंकू जड करावा लागतो आणि जड शंकू हलवायला वीज जास्त लागते. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी घडवलेला ‘एलएस ३/५ए’ हे याचे नामांकित उदाहरण. फूटभर उंचीची बंद पेटी, आणि मानवी आवाज इतका खरा की रसिक अजून त्याच्या शोधात असतात. सेन्सिटिव्हिटी मात्र ८२-८३ डेसिबल. गाडीत हातभर अंतरावरून ऐकायला ती पुरेशी होती. मोठ्या हॉलमध्ये तोच स्पीकर अँपचा घाम काढतो.

दुसरा आकडा इंपीडन्सचा. पाटीवर ‘८ ओहम’ लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात हा रोध स्वरागणिक बदलतो. कुठे तो तीस-चाळीस ओहमवर चढतो, कुठे पाच-सहावर उतरतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो पाटीवरच्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरने ६.४ च्या खाली उतरू नये. सगळेच हे पाळत नाहीत. रोध निम्मा झाला की अँपला दुप्पट करंट पुरवावा लागतो. साधा अँप मग तापतो किंवा मध्येच बंद पडतो. म्हणून अँपच्या मागे ‘६ ते १६ ओहम’ असे छापलेले असेल, तर ४ ओहमचा स्पीकर लावू नये. ८ ओहमच्या दोन जोड्या एकाच वेळी वाजवल्या, तर बऱ्याच अँपना तो भार ४ ओहमचाच दिसतो, हेही ध्यानात ठेवावे.

इथेच एक मेख आहे. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला १ वॅट, पण ४ ओहमला २ वॅट. त्यामुळे ४ ओहमचा स्पीकर कागदावर ३ डेसिबलने जास्त दिसतो. तुलना करताना ते वजा करावेत.

दहा बाय बाराच्या खोलीत किती वॅट पुरतात? ८६ डेसिबलची जोडी, अडीच-तीन मीटरवर श्रोता असे धरले, तर घरगुती ऐकण्याला एकेका स्पीकरमागे वॅटभर शक्ती पुष्कळ होते. तबल्याची थाप, तिहाईची सम अशा क्षणिक उसळ्यांना मात्र तिच्या दहा-वीसपट शक्ती लागते. ३० ते ५० वॅटचा प्रामाणिक अँप हे सहज पेलतो. ‘छोट्या अँपने स्पीकर जळत नाही’ या समजुतीवर विसंबू नये. शक्ती संपली तरी बटण पिरगाळत राहिले, की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, वरच्या पट्टीतली ऊर्जा वाढते आणि वरचे स्वर वाजवणारा नाजूक ट्वीटर आधी जळतो.

बेसचीही फार हाव नको. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर कंप पावते. ५० ते ६० हर्ट्झपर्यंत उतरणारा बुकशेल्फ स्पीकर ती व्यवस्थित ऐकवतो. त्याखाली खोलीच बोलू लागते. दहा फुटांच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झ आणि बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झ आपोआप घुमतात. स्पीकर कोपऱ्यात कोंबला, तर ही घुमारी आणखी वाढते. म्हणून नाव बुकशेल्फ असले, तरी तो भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, स्टँडवर आणि ट्वीटर कानाच्या उंचीला येईल असा ठेवावा. फरशीवर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा असेल तर उत्तम. महागडी वायर मात्र नको. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या पाच मीटर जोडवायरीचा रोध सुमारे ०.१२ ओहम भरतो. ८ ओहमपुढे तो नगण्य आहे.

हे सारे जुळले, की शेवटचा निवाडा कानाचा. आपल्या ओळखीचे गाणे, आपल्याच अँपवर किंवा तशाच दुसऱ्यावर, नेहमीच्या आवाजात ऐकून पाहावे. आणि खर्च वाढवायचाच असेल, तर वाढीव वॅटच्या अँपपेक्षा ३ डेसिबल जास्त सेन्सिटिव्हिटीच्या चांगल्या स्पीकरवर करावा. आवाज तेवढाच वाढतो आणि अँपवर जास्तीचा भार पडत नाही.